वेल्च

वेल्च : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या मॅक्डॉवेल परगण्याचे मुख्य ठिकाण व पोकाहाँटस कोळसाक्षेत्रातील एक लहान शहर. लोकसंख्या ३,५९० (२०२०). हे राज्याच्या दक्षिण टोकाजवळ, चार्ल्स्टन या राजधानीच्या दक्षिणेस सु. १०० किमी. अंतरावर, टग फोर्क नदी व तिला मिळणारा एल्कहॉर्न ओढा यांच्या संगमावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. ४०० मी. आहे. कोळशाच्या व्यवहारामुळे अल्पावधीत उदयास आलेले, त्याच व्यवहारातील बदलांमुळे ओसरलेले आणि अमेरिकेच्या कामगार चळवळीच्या व समाजकल्याणाच्या इतिहासात स्थान मिळविलेले शहर म्हणून त्याचा विशेष उल्लेख केला जातो.

भूवर्णन : ॲपालॅचियन पर्वतप्रदेशाच्या पश्चिम भागातील खोलवर विच्छिन्न झालेल्या पठारी प्रदेशात मॅक्डॉवेल परगणा येतो. येथील डोंगरउतार तीव्र, दऱ्या अरुंद व वळणावळणाच्या असून सपाट जमीन नदीनाल्यांच्या काठी चिंचोळ्या पट्ट्यांतच आढळते. शेतीस योग्य जमीन त्यामुळे फारच थोडी आहे. डोंगरांवर ओक, हिकरी, पॉप्लर इ. रुंदपर्णी वृक्षांची दाट वने आहेत. टग फोर्क वायव्येस वाहत जाऊन लेव्हिसा फोर्क नदीस मिळते व या दोहोंच्या संयुक्त प्रवाहास बिग सँडी असे नाव असून तो पुढे ओहायओ नदीस मिळतो. वेल्च शहरातील मुख्य रस्ते, लोहमार्ग व नदी ही दरीच्या तळाशी एकमेकांस खेटून आहेत, तर घरे उतारांवर टप्प्याटप्प्याने बांधलेली आहेत. जागेच्या या टंचाईमुळे शहराच्या वाढीस प्रारंभापासूनच मर्यादा पडल्या आणि जी वस्ती दरीत झाली, तिच्यावर पुराचे सावट कायम राहिले.

कोळसा : या प्रदेशातील कोळशाचे थर कारबॉनिफेरस कल्पाच्या उत्तर भागातील आहेत. त्यांपैकी ‘पोकाहाँटस क्र. ३’ हा थर सर्वांत प्रसिद्ध होय. त्यातील बिट्युमेनी कोळशात बाष्पनशील (तापविल्यावर वायुरूपाने निघून जाणाऱ्या) द्रव्यांचे, गंधकाचे व राखेचे प्रमाण अल्प असल्याने तो जळताना धूर कमी होतो व उष्णता भरपूर मिळते. त्यामुळे ‘धूरविरहित कोळसा’ या नावाने तो बाजारात ओळखला जाऊ लागला. युद्धनौकांचा माग शत्रूस धुरावरून लागत असल्याने आरमारासाठी या कोळशास विशेष मागणी होती. त्यापासून उत्तम प्रतीचा कोकही तयार होतो, म्हणून पोलाद कारखान्यांना तो आजही आवश्यक वाटतो. परगण्याच्या पूर्व भागात एल्कहॉर्न खोऱ्यात हा थर डोंगरउतारावर उघडा पडलेला असल्याने आडवे बोगदे खणून कोळसा काढणे सोपे गेले. वेल्चच्या आसपास व त्याच्या पश्चिमेस मात्र थर दरीच्या तळाखाली गेलेला असल्याने तेथे उभ्या कूपकांमधून खाणीत उतरावे लागे [→ कोळसा, दगडी].

इतिहास : मॅक्डॉवेल परगणा १८५८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात असताना निर्माण करण्यात आला व त्यास त्या राज्याचे एक माजी गव्हर्नर जेम्स मॅक्डॉवेल यांचे नाव देण्यात आले. यादवी युद्धाच्या काळात १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे स्वतंत्र राज्य झाल्यावर तो नव्या राज्यात समाविष्ट झाला. त्या वेळी हा भाग जवळजवळ निर्जन होता. शिकार, जंगलतोड व दरीतील थोडीशी मक्याची शेती यांवर निर्वाह करणारी काही कुटुंबे तेथे राहत. १८८० मध्ये संपूर्ण परगण्याची लोकसंख्या ३,०७४ होती.

१८७३ मध्ये आयझाया वेल्च या सर्वेक्षकाने जेडेडाया हॉचकिस या भूमापनतज्ञाच्या वतीने या प्रदेशातील कोळसाथरांची पाहणी केली. यादवी युद्धात दक्षिणेकडील सैन्यात तो कॅप्टन होता. पुढे टग फोर्क व एल्कहॉर्न यांच्या संगमावरील नव्या गावाच्या आखणीत त्याचा वाटा होता, म्हणून गावास त्याचेच नाव मिळाले. नॉर्फक अँड वेस्टर्न रेल्वे कंपनीने १८८३ मध्ये पोकाहाँटस येथील कोळसा अटलांटिक किनाऱ्यावरील नॉर्फक बंदराकडे नेण्यास सुरुवात केली. त्यानंतर हा लोहमार्ग एल्कहॉर्न व टग फोर्क यांच्या खोऱ्यांतून ओहायओ नदीपर्यंत वाढविण्यात आला (१८९२). यामुळे वेल्चमधील कोळसा पूर्वेस समुद्राकडे व पश्चिमेस मध्य-पश्चिमेकडील कारखान्यांकडे, असा दोन्ही दिशांनी जाऊ लागला.

परगण्याचे मुख्य ठिकाण पूर्वी पेरीव्हिल येथे होते. ते वेल्चला हलवावे, असा कौल १८९२ च्या मतदानात मिळाला. त्या वेळी वेल्चला नगरपालिकाही नव्हती. निकालाविषयी वाद निर्माण झाल्याने दंगा टाळण्यासाठी सरकारी दप्तर रात्रीच्या वेळी दोन गाड्यांतून गुपचूप वेल्चला आणण्यात आले. फ्रँक मिलबर्न या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार तेथे रोमनेस्क शैलीतील दगडी न्यायालय उभारण्यात आले (१८९३–९४). उतारावरील ही भव्य इमारत व तिच्यापुढील पायऱ्या ही शहराची ओळख बनली. तिचा समावेश १९७९ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत करण्यात आला.

जमिनीची मालकी व खाणवस्त्या : वेल्चच्या पुढील घडामोडी समजण्यासाठी या भागातील जमिनीची मालकी लक्षात घेणे आवश्यक आहे. कोळशाचे महत्त्व स्थानिक रहिवाशांना उमगण्यापूर्वीच बाहेरील भांडवलदारांच्या प्रतिनिधींनी त्यांच्याकडून जमिनी किंवा जमिनीखालील खनिजांचे हक्क अल्प किंमतीस विकत घेतले. यांतील मोठा भाग फ्लॅट टॉप कोल लँड असोसिएशन या संस्थेकडे आला व १९०१ मध्ये तो नॉर्फक अँड वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यात गेला. खाणमालक बहुधा या जमिनी भाडेपट्ट्याने घेत व काढलेल्या प्रत्येक टनामागे जमीनमालक कंपनीस स्वामित्वशुल्क देत. म्हणजे जमीन एका कंपनीची, खाण दुसऱ्या कंपनीची आणि वाहतूक जमीनमालक रेल्वेची अशी व्यवस्था असून यांपैकी बहुतेकांची मुख्य कार्यालये परगण्याबाहेर होती. कोळशाच्या विक्रीतून निर्माण होणाऱ्या संपत्तीपैकी परगण्यात राहणारा हिस्सा मुख्यतः मजुरीचाच असे.

खाणकामगारांची वस्तीही कंपनीच्याच मालकीची असे. घरे, दुकान, दवाखाना, पुष्कळदा शाळा व चर्चदेखील कंपनीने बांधलेले असे. अनेक ठिकाणी मजुरीपोटी कंपनीची टोकने आगाऊ दिली जात व ती फक्त कंपनीच्याच दुकानात चालत. कामावरून काढलेल्या माणसास त्याबरोबरच घरही सोडावे लागे. युनायटेड स्टेट्स स्टील या पोलाद कंपनीने १९०२ पासून वेल्चच्या दक्षिणेस गॅरी येथे स्वतःच्या खाणी व वस्त्या उभारल्या. या समूहाची गणना देशातील मोठ्या खाणप्रकल्पांत होई.

खाणींत काम करण्यासाठी तीन प्रकारचे लोक आले : आसपासच्या डोंगराळ भागातील गौरवर्णीय, दक्षिणेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय आणि इटली, हंगेरी, पोलंड इ. देशांतील स्थलांतरित. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परगण्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सु. एक-चतुर्थांश होते. वेस्ट व्हर्जिनियात शाळा वेगळ्या असल्या, तरी कृष्णवर्णीयांच्या मतदानास दक्षिणेकडील अन्य राज्यांप्रमाणे अडथळे नव्हते. त्यामुळे मॅक्डॉवेल परगण्यात त्यांचे राजकीय वजन मोठे होते. या परगण्यातून १९२८ मध्ये राज्याच्या विधिमंडळावर नियुक्त झालेल्या मिनी बकिंगहॅम हार्पर या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला विधिमंडळ-सदस्य होत. वेल्चच्या पूर्वेस किंबल येथे पहिल्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारकभवन आहे (१९२८). वेल्चमधील वास्तुविशारद हॅसल हिक्स यांनी त्याचा आराखडा केला होता.

या सर्व वस्त्यांमध्ये वेल्चचे स्थान निराळे होते. ते कोणत्याही एका कंपनीचे गाव नव्हते. न्यायालय, बँका, वकिलांची कार्यालये, उपाहारगृहे, नाट्य-चित्रपटगृहे व स्वतंत्र व्यापाऱ्यांची दुकाने यांमुळे खाणकामगारांना रोख पैशाने व आपल्या पसंतीने खरेदी करता येईल, असे ते जवळचे ठिकाण होते. पगाराच्या दिवशी व शनिवारी शहरातील रस्ते माणसांनी फुलून जात. राज्य शासनाने खाणकामगारांसाठी उभारलेल्या तीन रुग्णालयांपैकी पहिले वेल्च येथे १९०२ मध्ये सुरू झाले. त्याची निकड परगण्यातील खाणअपघातांवरून दिसून येते. वेल्चलगतच्या जेड येथे १९१२ मध्ये झालेल्या स्फोटात ऐंशीहून अधिक, तर बार्टली येथील स्फोटात (१० जानेवारी १९४०) ९१ कामगार मृत्युमुखी पडले.

कामगार संघर्ष : दक्षिण वेस्ट व्हर्जिनियातील खाणमालकांनी युनायटेड माइन वर्कर्स या कामगार संघटनेस दीर्घकाळ थारा दिला नाही. संघटनेचे सभासद झालेल्यांना कामावरून व घरांतून काढून टाकण्यासाठी बॉल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेच्या सशस्त्र माणसांचा वापर केला जाई. शेजारच्या मिंगो परगण्यातील मेटवान येथे १९ मे १९२० रोजी अशाच निष्कासनावरून चकमक झाली. तीत या संस्थेची सात माणसे, गावाचे महापौर व दोन खाणकामगार असे दहाजण ठार झाले. मेटवानचा पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड याने कामगारांची बाजू घेतली होती. या प्रकरणात ज्यूरीने त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना निर्दोष ठरविल्यामुळे तो खाणकामगारांचा आदर्श बनला.

यानंतर मॅक्डॉवेल परगण्यातील मोहॉक येथील खाणवस्तीवर झालेल्या गोळीबाराच्या आरोपावरून हॅटफील्डवर वेल्चच्या न्यायालयात खटला भरण्यात आला. १ ऑगस्ट १९२१ रोजी हॅटफील्ड व त्याचा सहकारी एड चेंबर्स हे आपापल्या पत्नींसमवेत न्यायालयाच्या पायऱ्या चढत असताना बॉल्डविन-फेल्ट्सच्या माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व दोघेही जागीच मरण पावले. बहुतेक इतिहासकारांच्या मते ते त्या वेळी निःशस्त्र होते. मारेकऱ्यांनी आपण स्वसंरक्षणार्थ गोळीबार केल्याचे सांगितले आणि या हत्यांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. आरोपीच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्या न्यायालयाची, त्याच्याच दारात दिवसाढवळ्या ही घटना घडल्याने कामगारांचा कायद्यावरील विश्वास उडाला. महिनाअखेरीस सु. दहा हजार सशस्त्र खाणकामगार मिंगो व लोगन परगण्यांच्या दिशेने निघाले. लोगन परगण्यातील ब्लेअर माउंटन येथे त्यांची शेरीफच्या सशस्त्र दलाशी अनेक दिवस लढाई झाली. अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी संघीय सैन्य पाठविल्यावर कामगारांनी माघार घेतली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतरचा हा सर्वांत मोठा सशस्त्र उठाव समजला जातो. या पराभवानंतर तेथील संघटना खिळखिळी झाली. कामगारांच्या संघटित होण्याच्या हक्कास राष्ट्रीय कायद्याने मान्यता मिळाल्यावर, म्हणजे १९३३ पासून ती मॅक्डॉवेल परगण्यात खऱ्या अर्थाने रुजली.

भरभराट व ऱ्हास : परगण्याची लोकसंख्या १९०० मध्ये १८,७४७, १९३० मध्ये ९०,४७९ व १९५० मध्ये ९८,८८७ झाली. वेल्चची लोकसंख्याही १९०० मधील ४४२ वरून १९५० मध्ये ६,६०३ वर गेली. मोटारगाड्या वाढल्या, पण त्या उभ्या करण्यास दरीत जागा नव्हती. म्हणून नगरपालिकेने १९४१ मध्ये बहुमजली वाहनतळ बांधला. नगरपालिकेच्या मालकीचा हा अमेरिकेतील पहिलाच वाहनतळ असल्याचे मानतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतरची काही वर्षे कोळशास मोठी मागणी होती आणि ही शहराच्या ऐश्वर्याची वर्षे ठरली.

ऱ्हासाचा प्रारंभ कोळसा संपल्यामुळे झाला नाही, तर तो काढण्याच्या व वापरण्याच्या पद्धती बदलल्यामुळे झाला. घरे तापविण्यासाठी तेल व नैसर्गिक वायू यांचा वापर वाढला. रेल्वे कंपन्यांनी वाफेच्या एंजिनांऐवजी डीझेल एंजिने स्वीकारली. नॉर्फक अँड वेस्टर्न रेल्वे ही तर कोळशाचीच वाहतूक करणारी कंपनी असल्याने वाफेची एंजिने तिने सर्वांत शेवटपर्यंत टिकवून धरली, पण १९६० मध्ये तीही थांबली. खाणींत कोळसा तोडून तो वाहकपट्ट्यावर टाकण्याचे काम एकच यंत्र अखंडपणे करू लागले. युनायटेड माइन वर्कर्सचे अध्यक्ष जॉन एल्. ल्यूइस यांनी १९५० च्या करारान्वये वाढीव वेतन व आरोग्य-निवृत्तिनिधी यांच्या मोबदल्यात यांत्रिकीकरणास संमती दिली. ज्यांची नोकरी टिकली, त्यांना त्याचा लाभ झाला. मात्र पुष्कळ माणसांचे काम थोडी माणसे करू लागल्याने हजारोंना काम उरले नाही. १९५० ते १९६० या दहा वर्षांत परगण्याने एक-चतुर्थांशाहून अधिक लोकसंख्या गमावली. तरुण कुटुंबे ओहायओ, मिशिगन इ. राज्यांतील औद्योगिक शहरांकडे गेली. युनायटेड स्टेट्स स्टीलने १९८०–९० या दशकात गॅरी येथील खाणी बंद केल्यावर उरलेला मोठा आधारही गेला. २०२० मध्ये परगण्याची लोकसंख्या १९,१११ होती, म्हणजे ७० वर्षांत ती सु. ऐंशी टक्क्यांनी घटली.

अन्न-मुद्रांक योजना : १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी राज्यातील पक्षांतर्गत मतदानाच्या प्रचारासाठी जॉन एफ्. केनेडी या भागात आले असता त्यांना बेकार खाणकामगारांची हलाखी प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांचा पहिलाच कार्यकारी आदेश गरजूंच्या अन्नवाटपात वाढ करण्यासंबंधी होता. त्यानंतर निवडक ठिकाणी प्रायोगिक अन्न-मुद्रांक योजना सुरू झाली. तीतील पहिले मुद्रांक २९ मे १९६१ रोजी वेल्च येथे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्या उपस्थितीत मॅक्डॉवेल परगण्यातील पंधरा माणसांच्या एका कुटुंबास देण्यात आले. त्यांचे मूल्य ९५ डॉलर होते. सरकारी कोठारातील ठराविक शिध्याऐवजी नेहमीच्या दुकानातून हवे ते अन्न निवडण्याची मुभा हे या योजनेचे वैशिष्ट्य होते. कंपनीची टोकने जेथे एकेकाळी फक्त कंपनीच्याच दुकानात चालत, त्या परगण्यात हा फरक लहान नव्हता. १९६४ मध्ये या योजनेस कायद्याचे कायम अधिष्ठान मिळाले व ती कालांतराने देशभर पसरली.

आपत्ती व सद्यःस्थिती : एप्रिल १९७७ मध्ये टग फोर्क खोऱ्यास महापुराचा तडाखा बसला. जुलै २००१, मे २००२ व फेब्रुवारी २०२५ मधील पुरांनीही परगण्यात मोठी हानी केली. लोकसंख्या घटल्याने करांचे उत्पन्न कमी होते, ते कमी झाल्याने पाणीपुरवठा व रस्ते यांची दुरुस्ती रेंगाळते आणि त्यामुळे आणखी लोक बाहेर पडतात, असे चक्र येथे दिसते. आयुर्मान, दारिद्र्य व वेदनाशामक अफूजन्य औषधांच्या व्यसनातून होणारे मृत्यू या बाबतींत मॅक्डॉवेलची गणना देशातील अत्यंत बिकट स्थितीतील परगण्यांत होते. किंबलजवळचे वॉलमार्टचे मोठे विक्रीकेंद्र २०१६ मध्ये बंद झाले. वेल्च येथून निघणारे द वेल्च न्यूज हे वृत्तपत्र २०२३ मध्ये थांबले. परगण्याचे स्वतःचे बातमीपत्र त्यामुळे उरले नाही.

कोळसा उत्पादन पूर्णपणे थांबलेले नाही. वीजनिर्मितीसाठीच्या कोळशाची मागणी घटली असली, तरी पोलादासाठी लागणारा कोककारक कोळसा येथून अद्याप काढला जातो व त्यातील काही निर्यात होतो. अमेरिकी कोककारक कोळशाच्या ग्राहक-देशांत भारताचेही महत्त्वाचे स्थान आहे. परंतु या उद्योगात काम करणाऱ्यांची संख्या मर्यादित असून ती पोलादाच्या जागतिक भावानुसार कमीजास्त होते. शासकीय सेवा, रुग्णालय, शाळा व तुरुंग हे रोजगाराचे अन्य आधार होत. संघीय सरकारचा मॅक्डॉवेल तुरुंग २०१० मध्ये सुरू झाला, तर शहरातील एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत राज्याचा तुरुंग आहे. जनगणनेत कैद्यांची गणना तुरुंगाच्या ठिकाणीच होते. त्यामुळे २०१० मधील २,४०६ वरून २०२० मध्ये ३,५९० झालेली शहराची लोकसंख्या ही वस्तीची वाढ समजता येत नाही.

२०११ पासून अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने ‘रिकनेक्टिंग मॅक्डॉवेल’ हा उपक्रम राबविण्यात येत आहे. चांगली घरे मिळत नसल्याने शिक्षक परगण्यात टिकत नाहीत, हे ओळखून त्याअंतर्गत वेल्चच्या मध्यवर्ती भागात शिक्षकांसाठी सदनिका बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. जुने खाणरस्ते व डोंगरवाटा जोडून तयार केलेल्या हॅटफील्ड–मकॉय वाहनमार्गांवर चारचाकी डोंगरी वाहनांतून फिरण्यासाठी पर्यटक येतात व त्यांच्यामुळे निवासगृहांना काहीसा व्यवसाय मिळतो.

वेल्च व परिसर यांचे चित्रण आत्मकथनपर साहित्यात आले आहे. होमर हिकम यांच्या रॉकेट बॉईज (१९९८) या पुस्तकात वेल्चच्या नैर्ऋत्येस असलेल्या कोलवुड या खाणवस्तीतील जीवन असून त्यावर ऑक्टोबर स्काय (१९९९) हा चित्रपट निघाला. जनेट वॉल्स यांच्या द ग्लास कॅसल (२००५) या पुस्तकात ऱ्हासाच्या काळातील वेल्चमधील बालपण आहे. दोन्ही पुस्तकांतील मुले शिक्षणाच्या बळावर गाव सोडून जातात.

शहराच्या मध्यभागातील विटांच्या व दगडी व्यापारी इमारतींचा समूह ऐतिहासिक विभाग म्हणून नोंदविण्यात आला आहे (१९९२). त्यातील अनेक इमारती रिकाम्या आहेत. न्यायालयाच्या इमारतीत परगण्याचा कारभार मात्र अद्याप चालतो. जमिनीच्या मूळ खरेदीखतांपासूनचे दप्तर तेथे असल्याने या प्रदेशाचा आर्थिक इतिहास अभ्यासणाऱ्यांना वेल्चला यावेच लागते.